घरमालकीण अनसूया देवरे

"हे काय लिहिलंयस रे?" आईनं चष्मा नाकावर सरकवत विचारलं.

"घरभाडं मिळालं, असं लिहिलंय."

"मिळालं का?"

"नाही."

"मग मिळालं असं कसं लिहून देऊ?"

मी कपाळाला हात लावला. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. ओट्यावर कुकर शिट्टीच्या बेतात होता आणि मी स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर वर्षभराच्या भाडेपावत्या पत्त्यांच्या डावासारख्या मांडून बसलो होतो. प्रत्येकीवर रेव्हेन्यू स्टॅम्प मीच चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी कंपनीत कर वाचवायचे पुरावे द्यायची शेवटची तारीख. पावत्या लावल्या तर कर कमी कापणार, नाही लावल्या तर मार्चच्या पगाराच्या नावानं हातात करवंटी येणार, हे आमच्या अकाउंट्सवाल्यानं मला दोनदा बजावलं होतं.

"अगं आई, सगळे असंच करतात. आमच्या अंबडच्या कंपनीतले निम्मे लोक आईबापाच्या घरात राहतात अन् भाड्याच्या पावत्या लावतात. घर तुझ्या नावावर आहे म्हणून सही तुझी लागते. नुसती सही कर. स्टॅम्पवरून आडवी."

घर आईच्या नावावर होतं ते काही अण्णांच्या मोठ्या मनामुळे नव्हे हं. सिडकोत घर घ्यायच्या वेळी कुणा ज्योतिषानं सांगितलं, देवरे, तुमच्या नावावर वास्तू लाभत नाही. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक. जन्मभर त्यांनी एसटीच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवला नाही, पण या माणसावर ठेवला. म्हणून दारावरची पाटी 'त्र्यं. ना. देवरे' आणि घरपट्टीच्या बिलावर मात्र 'सौ. अनसूया त्र्यंबक देवरे'. ते बिल भरायच्या वेळेपुरतीच आई घराची मालकीण असायची.

"अगं ए, चहा झाला का?" बाहेरच्या खोलीतून अण्णांची हाक आली.

"आणते." आई उठली. चहा देऊन आली, बसली, पहिली पावती पुन्हा हातात घेतली.

"अगं ए, माझा चष्मा कुठंय?"

"टीव्हीवर बघा." ते टीव्हीवर बघणार नाहीत हे तिला माहीत होतं. पुन्हा उठली, चष्मा देऊन आली. मग मला म्हणाली, "सही करते मी भूषण. पण भाडं दे."

"काय?"

"भाडं. महिन्याला नऊ हजार लिहिलंयस ना तू? ते दे."

"आई, हे मागच्या महिन्यांचं आहे!"

"मागचं राहू दे. मागचं मी मागत नाही अन् त्याच्यावर सहीही करत नाही. एप्रिलपासून पहिल्या तारखेला पैसे दे, पावती घेऊन जा."

एवढ्यात अण्णा चहाचा रिकामा कप घेऊन दारात आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. खो खो हसत म्हणाले, "काय गं, पोटच्या पोराकडनं भाडं घेणार?"

"मी कुठं मागितलं? त्यानंच लिहून आणलंय."

आईनं पावत्यांचा गठ्ठा नीट जुळवला, माझ्या हातात दिला आणि कुकर बंद केला.

त्या वर्षी मार्चमध्ये माझा पगार असा कापला गेला की विचारू नका. कंपनीत कळल्यावर पोरांनी मला फाडून खाल्लं. "देवऱ्या, सख्खी आई पावती देत नाही? सावत्र आहे का रे?" मी आठवडाभर आईशी तोंडदेखलं बोललो. पण मग थंड डोक्यानं विचार केला, की बिघडलं कुठं? आईला दिलेले पैसे जातात कुठं? या कपाटातून त्या कपाटात. माझं उज्ज्वलाशी लग्न ठरलं होतं, पुढल्या वर्षी दिवाळीनंतरचा बेत होता. पाथर्डी फाट्याला एका बिल्डिंगमध्ये आम्ही दोघांनी फ्लॅटही बघून ठेवला होता. आईकडे वर्षभर भाडं साठेल, कर वाचेल तो वेगळा, आणि बुकिंगच्या वेळी आई सगळी रक्कम माझ्या हातावर ठेवेल. आया दुसरं काय करतात? उज्ज्वलालाही मी हा हिशेब मोठ्या ऐटीत समजावून सांगितला.

एप्रिलमध्ये आईनं पहिली अडचण काढली. तिला तिचं स्वतःचं खातं हवं होतं.

"आपलं जॉइंट आहे ना?" अण्णा म्हणाले.

"ते तुमच्याबरोबर आहे. मला माझं पाहिजे."

वर्षाचं भाडं लाखाच्या वर जात होतं, म्हणजे कंपनीत घरमालकिणीचा पॅनही द्यावा लागणार. तो काढायला आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून, कानातले घालून फोटो स्टुडिओत आली. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसू नका."

"हसत नाहीये हो, माझं तोंडच असं आहे."

खोटं बोलत होती. चांगली हसत होती.

आणि मग आमच्या घरात जो भाडेकरूचा कारभार सुरू झाला! पहिल्या तारखेला मी पैसे पाठवले की संध्याकाळी माझ्या उशीखाली पावती. स्टॅम्पवरून आडवी सही, 'अ'चा वळसा सगळ्यात मोठा. माझ्या खोलीत येताना ती दार वाजवायला लागली. बाथरूमचा नळ गळतोय म्हणून मी ओरडलो, तर दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. "भाडेकरूला त्रास नको," ती अण्णांना गंभीरपणे म्हणाली. पावसाळ्याआधी माझ्या खोलीच्या वरचं छत तिनं दुरुस्त करून घेतलं. अण्णा म्हणत राहिले, "पैसे कोण देणार?" ती म्हणाली, "घरमालकीण."

त्याच सुमारास आई दुपारची बाहेर पडायला लागली. "मंडळाला जाते," म्हणायची. आमच्या सेक्टरात बायकांचं भजनी मंडळ होतं. आधी आठवड्यातून दोनदा, मग रविवार सोडून रोज. जेवणं आवरली की पिशवी घेऊन निघायची ती अण्णांच्या चहाच्या वेळेला परत. कधी उशीर झाला की अण्णांची चिडचिड व्हायची. मला वाटलं, चला, आईला देवाधर्माचा नाद लागला, बरं झालं. विचारलं मात्र कुणीच नाही.

वर्ष सरलं, जुलै उजाडला. रिटर्न भरायला मी आईला घेऊन शालिमारला पारखकाकांच्या ऑफिसात गेलो. सतीश पारख हे अण्णांच्या ओळखीतले कर सल्लागार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचं ऑफिस म्हणजे सरकारी दवाखाना. कुणाचा फॉर्म सोळा आला नाही, कुणाचा बँकेनं कापलेला कर भलत्याच्या पॅनवर पडलाय, कुणी पासवर्ड विसरलंय, आणि वर ती वेबसाइट बसलेली. काका सगळ्यांवर खेकसत होते, पण आईला बघून उठून उभे राहिले.

"या वहिनी. तुम्ही कशाला तसदी घेतली? तुमचं उत्पन्न करात बसतच नाही."

"बसत नसलं तरी भरायचंय."

"बरोबरच आहे म्हणा," काका माझ्याकडे वळले. "तू आईला भाडं दिलं दाखवतोस, तर आईच्या रिटर्नमध्ये ते मिळालेलं दिसलेलं बरं. कालच एकाला पत्र आलंय, भाडं दिल्याचा पुरावा दाखवा म्हणून. आता तो बापाच्या खात्यात मागच्या तारखेनं पैसे कसे घालायचे ते विचारत हिंडतोय."

मी आईकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

माझं रिटर्न झालं. आईचं सुरू झालं. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांचा एकच ठेवतो आम्ही, म्हणजे घोळ नको."

"माझा मी टाकते," आई म्हणाली. कीबोर्ड जवळ ओढून तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पासवर्ड टाकला. तोवर आम्हाला दोघांना दुसरीकडे बघायला लावलं.

"आता पासबुक द्या. व्याज किती पडलंय ते लिहायचंय." काकांनी पानं उलटली आणि भुवया वर गेल्या. "वहिनी, शिल्लक चारशे बारा रुपये?"

"हो ना."

मी पासबुक अक्षरशः हिसकावून घेतलं. दर एक तारखेला माझे नऊ हजार आले होते आणि दर महिन्याला हळूहळू, टप्प्याटप्प्यानं, सगळे काढले गेले होते.

"आई, पैसे कुठंयत?"

"खर्च झाले."

"कशावर?"

आईनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "घरमालकीण भाड्याचे पैसे कशावर खर्च करते, असं भाडेकरू विचारतो का रे?"

पारखकाकांना चहाचा ठसका लागला. मला मात्र हसू येईना. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बुकिंग पुढच्या आठवड्यात होतं. उज्ज्वलाला मी काय सांगू? मी काही बोलणार, एवढ्यात आई खुर्ची जरा पुढं ओढून काकांना म्हणाली, "पारखभाऊ, एक विचारू का? मी जे भाडं देते, ते यात कुठं लिहायचं?"

"तुम्ही? कुणाला?"

"खोली घेतलीय मी. भाड्यानं."

काका माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे.

"कुठं?" मी विचारलं.

"आपल्याच तिथं. राणेनगरच्या बाजूला, गिरणीच्या वर. एक खोली आहे." मग पुन्हा काकांना, "भाडं भरणाऱ्याला सूट मिळते म्हणतात ना? म्हणून विचारलं. नसली मिळत तर राहू द्या."

पारखकाका भला माणूस. त्यांनी 'कशाला घेतली' असं विचारलं नाही. सवयीनं कायदाच सांगितला. "वजावट आहे वहिनी, पण ज्याचं स्वतःचं राहतं घर त्याच गावात आहे, त्याला नाही मिळत. तुमच्या नावावर घर आहे."

"हो. नावावर आहे," आई म्हणाली. हातातल्या पिशवीची घडी घातली, उलगडली. "पण त्यात मला जागा नाही हो."

काकांनी स्क्रीनवरचा फॉर्म वरखाली करून बघितला. मग म्हणाले, "याला रकाना नाही वहिनी."

आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा घराकडे वळायच्या आधी तिनं रिक्षावाल्याला दुसरा रस्ता सांगितला.

खाली गिरणी, शेजारी मसाला कुटायच्या यंत्राचा डंका. जिन्यावर तिखटाचा असा खकाणा, की मी शिंकत शिंकत वर गेलो. आईला सवय झालेली. तिनं पिशवीतून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत एक लाकडी खुर्ची, एक घडीची खाट, पंखा, माठ, आणि खिडकी. खिडकीतून काही विशेष दिसत नव्हतं. समोरच्या शाळेचं मैदान, दोन गुलमोहर, वाळत घातलेले कपडे. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. देव नव्हता, फोटो नव्हता, चहाचं सामानसुद्धा नव्हतं.

"मंडळ?" मी विचारलं.

"हेच मंडळ."

"आई, मी त्या पैशांवर फ्लॅटचं बुकिंग..."

"माझ्या पैशांवर?"

मी आवाज चढवून म्हणालो, कारण खालचा डंका धडाधड चालू होता, "इथं करतेस काय तू रोज येऊन?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बसते. कधी झोपते. भेळभत्ता आणून खाते. एकदा दुपारभर रडले, काही कारण नव्हतं. मग बरं वाटलं." ती खाटेच्या कडेवर टेकली. खुर्ची मला दिली. "घरमालक म्हणाला होता, मागची खोली घ्या मावशी, इथं आवाज फार. मी म्हटलं, नको, हीच पाहिजे. या आवाजात कुणाची हाक ऐकू येत नाही."

"घरात बसता येत नाही का?"

"घरात बसले की कुणाला ना कुणाला काहीतरी पाहिजे असतं. तुम्ही दोघं वाईट नाहीत रे. पण तुम्ही हाक मारता अन् मी उठते. लग्न होऊन आले तेव्हापासून उठतेय. तू पावत्या घेऊन आलास ना, त्या रात्री मला झोप आली नाही. म्हटलं, कागदावर का होईना, पोरगा मला पैसे देतोय असं लिहून आणलंय. मग खरेच का देऊ नयेत?"

मी उठून माठातलं पाणी प्यायलो.

"डिपॉझिट गेलं, ही खाट, पंखा घेतला," ती सांगत होती. "आपली घरपट्टी भरली. तुझ्या खोलीचं छत केलं. उरलेल्यात चैन केली." मग जरा थांबून, साडीच्या पदराची कड चिमटीत धरून म्हणाली, "तू फ्लॅटमध्ये गेलास की भाडं बंद होणार, ते मला माहितीय. तुला काही म्हणत नाही मी, बुकिंग कर. लग्न होईपर्यंत ठेवते खोली, मग सोडते. एवढं वर्ष मिळालं ना, खूप झालं."

असं ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात ती एरवी भाजीवाल्याशी बोलायची, घासाघीस संपल्यावर, 'बरं राहू दे' म्हणताना.

एवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा.

"अरे भूषण, तुझी आई कुठंय? तुझ्याबरोबर आहे ना? तिला विचार, माझी गोळ्यांची डबी कुठं ठेवलीय."

आई सवयीनं खाटेवरून उठायला लागली. खरं सांगतो, डंक्याच्या त्या गोंगाटातही तिला अण्णांचा आवाज ऐकू आला होता. मी तिला हातानं बस म्हटलं.

"आई मंडळाला गेलीय अण्णा," मी फोनवर म्हणालो. "डबी कपाटात असेल. बघा की जरा शोधून."

आई बसली. पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिच्याकडे बघून मीही हसायला लागलो, आणि खाली तो डंका धडधडत होता.

फ्लॅटचं बुकिंग पुढं ढकललं. उज्ज्वलाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं भडकेल. ती म्हणाली, "खोलीला खिडकी आहे का?" मी म्हटलं आहे. "मग ठीक आहे," म्हणाली. लग्न झालं, वर्षभरानं कर्ज काढून फ्लॅट घेतला, आम्ही तिकडं राहायला गेलो. आता माझ्या भाड्याच्या वजावटीचा प्रश्नच नव्हता, कारण मी स्वतःच्या घरात राहत होतो. तरी पहिल्या तारखेला नऊ हजार आईच्या खात्यात जायचेच. पारखकाका दर जुलैला म्हणायचे, "अरे, हे आता कुठंच लागत नाही." मी म्हणायचो, "न लागू दे." आणि आई दर महिन्याला पावती पाठवायची. स्टॅम्प लावून, वरून आडवी सही करून. एकदा उशीर झाला तर फोन करून म्हणाली, "आज दोन तारीख आहे, भाडेकरू."

अण्णांना शेवटपर्यंत भजनी मंडळच माहीत होतं. ते गेल्यावरही ती खोलीवर जात राहिली, घर अख्खं रिकामं असूनसुद्धा. मी विचारलं तर म्हणाली, "घरात अजून हाका ऐकू येतात रे."

चार वर्षांपूर्वी आई गेली. पारखकाकांनी तिचं शेवटचं रिटर्न भरलं. गेलेल्या माणसाच्या वतीनं वारसानं भरायचं असतं. नातं काय, या ठिकाणी मी 'मुलगा' लिहिलं. 'भाडेकरू' लिहावं असं फार वाटलं होतं. पासवर्ड काही कुणाला माहीत नव्हता, नवीन काढावा लागला.

नंतर एका रविवारी उज्ज्वला आणि मी खोली रिकामी करायला गेलो. रिकामं करण्यासारखं होतं तरी काय! मी माठ खाली ठेवून आलो, खाटेची घडी करायला लागलो. उज्ज्वला जराशी टेकते म्हणून त्या खुर्चीत बसली, खिडकीकडे तोंड करून. खाली डंका सुरू झाला.

"अगं ए," मी हाक मारली, "जरा खाट धर."

तिला ऐकू आलं नाही. मैदानाकडे बघत ती तशीच बसून होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला अशी नुसती बसलेली कधी बघितली नव्हती. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. खाट परत उलगडून ठेवली. खाली जाऊन गिरणीवाल्याला सांगितलं, खोली सोडत नाही आम्ही.

आता तिथं उज्ज्वला जाते. मंडळाला जाते असं म्हणते, आणि मीही मान डोलावतो. भाडं मी भरतो. वजावट काही मिळत नाही.